अर्धवट कामाची देणी

सांगलीहून हरिपूरला जाताना, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या अलीकडे, हळदीची पेवं असायची. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आतून पाल्याचं अस्तर. हळद भरून तोंड लिंपलं, वर माती लोटली, की रान पुन्हा सपाट. आतली हळद वर्षानुवर्षं किडीवाचून राहायची. पेव उघडलं तरी लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडून पाहायचा. तो विझला तर आत श्वासापुरती हवा नाही, असं समजायचं. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि हळदीची मोठी नासाडी झाली. त्यानंतर व्यापार गोदामांकडे वळला तो वळलाच.

मला पेवात रस आहे तो त्याच्या सपाट पाठीमुळे. वरून पाहून खाली काय आहे ते कळत नाही. ते कळतं फक्त वहीतून. आता समजा, दोन वह्या आहेत. एक जागेच्या मालकाची: अमुक पेव दिलेलं आहे. दुसरी ज्याने हळद ठेवली त्याची: माझा माल अमुक पेवात आहे. ही दुसरी वही हरवली. हळद सडलेली नाही, चोरीला गेलेली नाही, जागच्या जागी आहे. पण ती काढायला आता कोणी येणार नाही, आणि मालकाच्या वहीत ‘दिलेलं’ असल्यामुळे त्या पेवात दुसऱ्या कोणाला काही भरताही येणार नाही. संगणकाच्या जगात याला मेमरी लीक म्हणतात. प्रोग्रामने मेमरी मागितली, कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, जागा दिली आणि तिचा पत्ता त्याच्या हातात ठेवला. प्रोग्रामने तो पत्ता हरवला, जागा मात्र परत केली नाही.

साध्या प्रोग्रामच्या बाबतीत हे फारसं मनावर घ्यायचं कारण नसतं. ब्राउझर कितीही गळका असो, तो बंद केला की त्याच्या नावावरची सगळी मेमरी कर्नल एका झटक्यात काढून घेतो. वर बसलेला कोणीतरी शेवटी झाडलोट करतो, हा आधार असतो. ड्रायव्हरला तो नाही. नेटवर्क कार्ड, कॅमेरा, यूएसबीची डबी यांच्याशी बोलणारा हा कोड कर्नलच्या पोटातच राहतो, आणि कर्नलच्या वर कोणी नाही. ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून टाकलं तर त्याचा कोड जातो. त्याने मागून घेतलेली मेमरी तशीच राहते, मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत.

रक्कम किती क्षुल्लक असते ते पाहावं. सेकंदाला १२८ बाइट, म्हणजे या परिच्छेदातली दोन-तीन वाक्यंही मावणार नाहीत एवढी जागा. दिवसाला ते सुमारे १ कोटी १० लाख बाइट होतात. ६४ एमबी मेमरीचा राउटर हे आठवडाभरही सोसू शकत नाही. (भारनियमनाच्या काळात आमच्याकडे असल्या चुका कोणाला दिसतच नसत. वीज जायची, सगळी मशीनं बंद पडायची आणि परत येताना कोरी पाटी घेऊन यायची. घरोघरी इन्व्हर्टर आले तेव्हा कितीतरी ड्रायव्हरांचं पितळ उघडं पडलं असणार.)

पण क्षुल्लक रकमेचं काय होतं, याचा दाखला लंडनचा आहे. ४ नोव्हेंबर १९९२ च्या पहाटे तिथल्या रुग्णवाहिका सेवेची संगणकयंत्रणा ठप्प झाली आणि कर्मचाऱ्यांना कागद-पेन्सिल हाती घ्यावी लागली. चौकशीत कारण निघालं ते असं: सुमारे तीन आठवड्यांपूर्वी काही काम करताना प्रोग्रामरकडून कोडचा एक तुकडा आत राहून गेला होता. रुग्णवाहिका रवाना करण्याचा आदेश निघाला, की प्रत्येक वेळी हा तुकडा फाइल सर्व्हरमधली थोडीशी मेमरी घ्यायचा आणि सोडायचा नाही. तीन आठवडे सगळं सुरळीत. मग मेमरीच संपली. तो ड्रायव्हर नव्हता, हे खरं. स्वभाव मात्र तोच. आणि या गोष्टीतली मला खटकणारी बाब ही, की यंत्रणा जितकं काम करत होती तितकी ती मरणाकडे सरकत होती. आळशी यंत्रणा वाचली असती.

आता थोडं जवळून. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये ‘प्रोब’ नावाचं एक फंक्शन असतं. उपकरण सापडलं की कर्नल ते चालवतो. त्यात कामं ठरलेली: आधी स्वतःच्या नोंदींसाठी मेमरी घ्यायची, मग उपकरणाशी देवाणघेवाण करायला वेगळा बफर घ्यायचा, मग इंटरप्टची ओळ मागायची, म्हणजे उपकरणाने हाक मारली तर ऐकू येईल, शेवटी वरच्या व्यवस्थेत नाव नोंदवायचं. चार पायऱ्या. सगळ्या जमल्या तर ड्रायव्हर उभा राहतो, आणि पुढे उपकरण काढलं की ‘रिमूव्ह’ फंक्शन उलट क्रमाने सगळं परत करतं. या वाटेवर लीक क्वचितच सापडते, कारण ही वाट लिहिणाऱ्याने स्वतः तुडवलेली असते.

तिसरी पायरी फसली तर? इंटरप्ट मिळाला नाही. लिहिणारा चूक ओळखतो, चूक दर्शवणारा क्रमांक घेऊन ‘रिटर्न’ लिहितो आणि बाहेर पडतो. त्याच्या मते काम झालंच नाही, मग हिशेब कसला? पण पहिल्या दोन पायऱ्यांत घेतलेलं त्याच्या नावावर आहे. प्रोब फसलेला असल्यामुळे रिमूव्ह कधीच चालणार नाही. एका ओळीचा तो रिटर्न दोन पेवं पुरून गेला.

हे क्वचितच घडत असेल, असं वाटू शकतं. तसं नाही. २०१२ पासून लिनक्समध्ये एक सोय आहे: ड्रायव्हरला लागणारं घड्याळ किंवा वीजपुरवठ्याचा भाग अजून तयार नसेल, तर प्रोब ‘नंतर या’ असा क्रमांक देऊन परततो आणि कर्नल त्याला पुन्हा बोलावतो. म्हणजे फसणं हा आता अपघात राहिला नाही, रोजचा रिवाज झाला. मशीन सुरू होताना एकच प्रोब अनेकदा अर्ध्यावरून मागे फिरतो, आणि परतीचा हिशेब लिहिलेला नसेल तर दर फेरीला थोडं थोडं मागे सोडून येतो.

यावरचा जुना तोडगा सी भाषेतच आहे आणि तो दिसायला ओबडधोबड आहे. फंक्शनच्या तळाशी खुणेच्या पाट्या लावायच्या: बफर सोडा, त्याखाली मेमरी सोडा. तिसरी पायरी फसली तर ‘गोटू’ने पहिल्या पाटीवर उडी मारायची आणि तिथून खाली घरंगळत यायचं, दुसरी फसली तर त्याखालच्या पाटीवर. घेतलं त्याच्या उलट क्रमाने परत. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्राने १९६८ साली ‘गोटू’ घातक आहे, असं पत्र प्रसिद्ध केलं आणि पुढच्या पिढ्यांना तो शब्द शिवी म्हणून शिकवला गेला. कर्नलच्या लोकांनी तो निषेध वाचला, मान डोलावली आणि परतीच्या वाटेसाठी ‘गोटू’च ठेवला. मला त्यांचं बरोबर वाटतं. वर चढताना शिस्तीने एकेक पायरी; खाली येताना जिथे आहोत तिथून सरळ उतार. आखीव-रेखीव रचनेत हा उतार इतका वळणावळणाचा होतो की वाचणाऱ्याला काय परत केलं आणि काय राहिलं तेच कळेनासं होतं.

ड्रायव्हर हेच या रोगाचं माहेर आहे, हे नुसतं अनुमान नाही. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड यंत्राकरवी तपासला, तेव्हा ड्रायव्हरांतल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत निघालं. गाभ्याचा कोड हजार डोळ्यांखालून जातो. ड्रायव्हर मात्र ज्याच्याकडे ते उपकरण आहे त्यानेच लिहिलेला, त्यानेच तपासलेला, आणि ते उपकरण त्याच्या टेबलावर नेहमी चालत आलेलं.

साताऱ्यात राहून असल्या अर्धवट सुटलेल्या देण्यांचा विचार करणाऱ्याला वाई लांब नाही. तिथल्या प्राज्ञपाठशाळेने १९३७ पासून धर्मकोशाचं व्यवहारकांड छापलं. संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. माणसामाणसांतल्या तंट्यांबद्दल स्मृतींनी आणि त्यांच्या टीकाकारांनी जे जे म्हटलं, ते विषयवार एकत्र लावलेलं. मनूने तंट्याची अठरा पदं सांगितली आहेत. पहिलं ऋणादान, घेतलेलं कर्ज. दुसरं निक्षेप, विश्वासाने सोपवलेली ठेव. तिसरं अस्वामिविक्रय, म्हणजे जे आपलं नाही ते विकणं. चौथं संभूयसमुत्थान, अनेकांनी मिळून केलेला उद्योग. या चार नावांखाली ड्रायव्हरमधल्या मेमरीच्या जवळजवळ सगळ्या चुका बसतात, हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. वर्णानुसार व्याजाचा दर ठरवणारे हे ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचायची मला हौस नाही, आणि आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं या जातीच्या बढाईचा तर कंटाळाच आहे. पण एका बाबतीत ते लोक फार सावध होते: त्यांचं लक्ष सुरळीत फिटलेल्या कर्जाकडे नव्हतंच.

पोथ्यांची पानं खर्ची पडतात ती मोडलेल्या व्यवहारांवर. ऋणको परागंदा झाला तर? जामीन राहिलेला मेला तर? ठेव ठेवली ते घर जळालं, चोरांनी लुटलं, राजाने जप्त केलं तर भरपाई कोणी करायची? (याज्ञवल्क्य म्हणतो, अशा वेळी ठेव सांभाळणाऱ्याकडून वसुली नाही.) यज्ञासाठी नेमलेला ऋत्विज मधेच निघून गेला तर त्याला दक्षिणेचा किती वाटा? हा शेवटचा प्रश्न मला थेट प्रोबसारखा वाटतो. काम चार पायऱ्यांचं, माणूस दुसऱ्या पायरीवरून गेला. आता झालेल्या अर्ध्याचं काय? काम झालं नाही म्हणजे देणं-घेणं संपलं, असं स्मृतिकार सरसकट मानत नाहीत. अर्धवट काम हा त्यांच्या लेखी स्वतंत्र व्यवहार आहे आणि त्याला स्वतःचे नियम लागतात.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याची गफलत नेमकी इथे होते. त्याच्या डोक्यात दोनच अवस्था असतात, झालं आणि नाही झालं. लिनक्समधलं एक उदाहरण तर या समजाला मुद्दाम धडा शिकवायला ठेवल्यासारखं आहे. उपकरण नोंदवण्याचं एक फंक्शन आहे; ते फसलं तरी, नोंदणी झाली नाही असं त्याने स्पष्ट सांगितलं तरी, त्या उपकरणावरचा आपला हक्क रीतसर ‘पुट’ करून सोडावाच लागतो. नुसती मेमरी मोकळी करून चालत नाही. कारण फसण्याआधी त्या फंक्शनने आत नाव, नोंदी, मोजणीचा आकडा असं बरंच काही उभं केलेलं असतं. फंक्शनच्या डोक्यावरच्या टिपणीत ही सूचना ठळकपणे लिहिली आहे, आणि तरीही ती न पाळल्याच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. बरोबरच आहे. नाही म्हणून परत पाठवलं, तरी दाराशी चप्पल राहते हे कोणाच्या ध्यानात येणार?

मग पुरलेलं शोधायचं कसं? लिनक्सपुरतं उत्तर केमेमलीक नावाच्या साधनात आहे. काटालिन मारिनास यांनी ते लिहिलं आणि २००९ साली ते कर्नलमध्ये आलं. पद्धत सांगायला सोपी आहे. दिलेल्या प्रत्येक तुकड्याची यादी ठेवायची. मग, साधारण दर दहा मिनिटांनी, मेमरीचा जेवढा भाग वाचता येईल तेवढा वाचत जायचं आणि पाहायचं: या तुकड्याचा पत्ता कुठे तरी लिहिलेला आहे का? आहे, तर तो करडा. कुठेच नाही, तर पांढरा, म्हणजे अनाथ. ज्यांच्या आत डोकवायचं कारणच नाही ते काळे. हे रंग १९७८ च्या एका शोधनिबंधातून आलेले. लेखकांत पहिलं नाव पुन्हा डाइक्स्ट्राचंच, ‘गोटू’वाल्याचं.

अहवालात मिळतं ते एवढंच: अमुक पत्त्यावर अमुक बाइटांची अनाथ वस्तू, कोणत्या प्रक्रियेने घेतली, केव्हा घेतली, तिचे पहिले ३२ बाइट, आणि कोणी कोणाला बोलावलं त्याची साखळी. त्या ३२ बाइटांत कधी उपकरणाचं नाव वाचता येतं, कधी नुसती शून्यं. साखळीतून फंक्शन सापडतं. तिथून पुढे मात्र डोळ्यांत तेल घालून कोड वाचणं, त्याला पर्याय नाही.

केमेमलीक अनाथ मेमरी शोधतं पण मोकळी करत नाही. मॅकार्थीने लिस्प भाषेसाठी सुचवलेल्या व्यवस्थेत अनाथ ठरलेली जागा आपोआप परत घेतली जाते. इथे फक्त नाव पुकारलं जातं. कारण साधनाला स्वतःची खात्री नसते. एखाद्या ड्रायव्हरने पत्ता वेगळ्या रूपात दडवून ठेवला असेल, तर जिवंत वस्तूही अनाथ दिसते. उलटही होतं: कुठल्या तरी हिशेबातला आकडा योगायोगाने एखाद्या पत्त्यासारखा असला, की मेलेली वस्तू जिवंत ठरते. न्यायाधीश होण्याची ऐपत नाही, हे ओळखून ते साधन पंचनाम्यापाशी थांबतं. मला हा संयम आवडतो.

संयम लागतो तो दुरुस्तीतही. लीक दिसली की नवख्याचा हात मेमरी मोकळी करणाऱ्या ‘केफ्री’ फंक्शनकडे जातो: राहिलं आहे ना परत करायचं, करून टाकू. पण तो तुकडा आता दुसऱ्या कोणाच्या ताब्यात दिलेला असेल, आणि तोही आपल्या वेळी तो परत करणार असेल, तर एकच वस्तू दोनदा परत झाली. किंवा आपण परत केली आणि दुसरा अजून वापरतोच आहे. मधल्या वेळात ती जागा तिसऱ्याला मिळाली. हा अस्वामिविक्रयाचा प्रांत. लीकमुळे मशीन हळूहळू थकतं. इथे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या घरात लिहिला जातो आणि घुसखोराला दार मिळतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण गाजलं ते याच दरीत. तिथल्या संशोधकांनी बारीक दुरुस्तीच्या वेषातले सदोष बदल कर्नलकडे पाठवून पाहिले होते. कर्नलचे एक देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी विद्यापीठाचे बदल घेणं थांबवलं आणि जुने सुमारे १९० पुन्हा तपासायला काढले. नीतीचा प्रश्न होताच. पण तंत्राचा धडा असा, की परत करण्याच्या सत्कृत्यावर कोणी शंका घेत नाही, म्हणून वाईट हेतूला ते पांघरूण म्हणून सोयीचं पडतं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतले सुधारणेचे प्रयत्न पाहिले तर सगळ्यांचा कल एकाच दिशेला दिसतो: परतीचा करार घेतानाच करून ठेवायचा. २००७ साली तेजुन हेओ यांची व्यवस्था आली. ‘डेव्हएम’ने सुरू होणारी फंक्शनं वापरून मेमरी घेतली, की ती उपकरणाच्या खात्यावर चढते आणि प्रोब फसला किंवा उपकरण सुटलं की आपोआप उलट क्रमाने परत होते. पाट्या नकोत, ‘गोटू’ नको. हजारो ड्रायव्हर त्यामुळे आटोपशीर झाले. पण करार उपकरणाच्या नावावर असल्यामुळे नवीच अडचण आली: कॅमेरा उपसून काढला, खातं मिटलं, मेमरी परत गेली, आणि एका प्रोग्रामने त्या कॅमेऱ्याची फाइल अजून उघडी ठेवलेली. ज्याच्या नावावर ठेव होती तो गेला, जो तिच्यावर जगत होता तो राहिला. अशा ठिकाणी संभूयसमुत्थानच लागतं: किती जण धरून आहेत त्यांची मोजणी ठेवायची आणि शेवटचा सुटला की मगच सोडायचं. खरा मालक कोण हे न ठरवता केलेली सोय फक्त चुकीचा प्रकार बदलते.

२०२२ च्या अखेरीस कर्नलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली. प्रत्येक वस्तूचा मालक एकच, तो संपला की वस्तू परत, आणि परत गेलेली वस्तू वापरू पाहाल तर प्रोग्राम तयारच होऊ द्यायचा नाही, इतकी ती कडक आहे. पण याच भाषेने लीकला मात्र सुरक्षित कृत्यांत बसवलं आहे. एखादी वस्तू कायमची विसरून जायला तिथे राजरोस फंक्शन आहे आणि ते धोक्याच्या यादीत नाही. २०१५ च्या सुमारास यावर भाषेच्या कर्त्यांत बराच खल झाला. निष्पन्न असं, की दोघांनी एकमेकांना धरून ठेवण्याच्या गाठी पडल्या की विसरणं पूर्ण थांबवता येत नाही. जे थांबवता येत नाही त्याचं वचन देऊ नये. मला हे पटतं, आणि तरी थोडं टोचतं. परक्याचं वापरणं आणि घेतलेलं परत न करणं यांत पहिलं घोर आहेच. पण ज्याच्या वर कोणी झाडणारा नाही त्या कर्नलमध्ये दुसऱ्याला इतकं सौम्य मानावं का?

१९४७ साली सुरू झालेल्या सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. अशा मुलांना मी फार तर एक सोय दाखवेन. कर्नलमध्ये मुद्दाम नकार देणारी एक व्यवस्था आहे, फेलस्लॅब नावाची. ती चालू केली की मेमरी शिल्लक असतानाही दर काही मागण्यांमागे एकीला ‘नाही’ मिळतं. ज्या वाटेने कधी कोणी गेलं नाही, तिथून ड्रायव्हरला वारंवार पिटाळायचं, आणि शेजारी केमेमलीक लावून ठेवायचं. एका बैठकीत ड्रायव्हरचं जेवढं खरं रूप दिसतं, तेवढं महिनोन्‌महिने नीट चालवून दिसत नाही.

दुरुस्ती पाठवताना खाली एक ओळ लिहायची प्रथा आहे: ही चूक मुळात कोणत्या बदलातून आली, त्या बदलाच्या ओळखखुणेची पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक. जुनी कर्जं फेडणाऱ्याला मूळ ऋणकोचं नाव लावायला सांगावं तसं. बृहस्पतीच्या मते मुलाने बापाचं कर्ज स्वतःचं समजून फेडावं, नातवाने आजोबाचं नुसतं मुद्दल, पणतूवर बंधन नाही. कर्नलमध्ये पणतूही सुटत नाही, मात्र व्याज कोणीच देत नाही. ते दरम्यान ज्यांची मशीनं अडखळली त्यांनी भरलेलं असतं. माग काढत गेलं की कधी तीन वर्षांपूर्वीचा बदल सापडतो, कधी दहा, आणि कधी वाटच संपते. कर्नलचा आजचा नोंदवलेला इतिहास सुरू होतो १६ एप्रिल २००५ ला, लिनक्सचे कर्ते लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी २.६.१२ ची कच्ची आवृत्ती बदल नोंदवण्याच्या नव्या व्यवस्थेत एकगठ्ठा टाकली तिथपासून. त्याआधीच्या चुका कोणी केल्या ते त्या व्यवस्थेत शोधून मिळत नाही. अशा वेळी रिवाज असा, की दुरुस्तीखाली त्या पहिल्या गठ्ठ्याचीच खूण लिहायची. एका माणसाने एका दिवशी टाकलेल्या त्या एका बदलाच्या खात्यावर, ज्यांनी तेव्हा काय घेतलं होतं याचा पत्ता नाही अशा कितीतरी जणांची देणी चढली आहेत.